राणीच्या बागेंतील संग्रहालय

भायखळ्याच्या राणीच्या बागेंत संग्रहालयाच्या इमारतीजवळ एक प्रचंड पाषाणी हत्ती उभा आहे. मुलें त्याच्याकडे धांवतात, वडील माणसें क्षणभर थांबतात आणि मंडळी आंत जाते. परंतु आंतील संग्रहाची कथा समजून घ्यावयाची असेल, तर आधीं या हत्तीचीच हकीकत ऐकिली पाहिजे. हा मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटास ‘एलिफंटा’ हें नांव दिलें. १८६४ सालीं त्याला इंग्लंडास नेण्याचा घाट घातला गेला. पण उचलतांना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते या बागेंत आणून ठेवण्यांत आले व १९१४ सालीं जुळवून हत्ती पुन्हा उभा करण्यांत आला. मोडणें आणि पुन्हा उभें राहणें, हाच क्रम शेजारच्या संग्रहालयाच्याही वांट्यास आला आहे.

१८५५ सालीं पॅरिस येथें सर्व राष्ट्रांच्या मालाचें मोठें प्रदर्शन भरलें. त्यासाठीं मुंबई इलाख्यांतून जे जिन्नस गोळा झाले, त्यांचे जोडनमुने येथेंच राखून ठेवण्यांत आले. हाच या संग्रहाचा उगम. कोटांतील टाऊन बराकींत तो मांडला गेला. सृष्टिविज्ञान, भूगर्भ, अर्थव्यवहार, उद्योग आणि कला हे त्याचे विषय होते. हेतु उघड होता: या देशांत काय पिकतें, भूमींतून काय निघतें आणि येथील कारागीर काय घडवितात, हें व्यापाराच्या दृष्टीनें एका छपराखालीं दिसावें. १८५७ सालीं उत्तरेंत युद्ध पेटलें, फौजेला बराकी हव्या झाल्या आणि सारा संग्रह टाऊन हॉलमध्यें हलवावा लागला.

आतां या निराश्रित वस्तूंस घर कोणीं द्यावें? पुढच्याच वर्षीं डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनीं हें काम हातीं घेतलें. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांच्या पाठीशीं उभे राहिले; डेव्हिड ससून यांच्यासारख्या धनिकांनीं देणग्या दिल्या. १८६२ सालीं कोनशिला बसली. अमेरिकेंतील यादवीमुळें त्या वेळीं कापसाला सोन्याचें मोल आलें होतें आणि मुंबईंत पैसा वाहत होता. १८६५ सालीं ती यादवी संपली, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. त्याच वर्षीं नानाही निवर्तले. वर्गणीचा पैसा सरला. अखेर सरकारनें काम आपल्याकडे घेऊन पुरें केलें आणि १८७२ सालीं ‘व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट’ संग्रहालयाचे दरवाजे उघडले. भाऊ दाजींना तो दिवस पाहावयास मिळाला. दोनच वर्षांनीं त्यांचाही अंत झाला.

आंत पाऊल टाकतांच ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब, कठडे आणि वरचा सज्जा नजरेंत भरतो. बिदरीकाम, हस्तिदंताचें कोरीव काम, मातीचीं भांडीं पाहत मनुष्य पुढें सरकतो आणि मातीच्या लहान मूर्तींपाशीं हटकून रेंगाळतो. शेतकरी, कारागीर, नाना जातींचे व पंथांचे लोक त्यांत आपापल्या पेहरावांत उभे आहेत. राज्यकर्त्यांच्या दृष्टीनें हे ‘नमुने’ होते. मुंबईच्या गृहस्थाला मात्र त्यांत आजोबांची पगडी आणि आजीचें लुगडें ओळखतां येतें. वस्तु तीच राहिली. पाहणारा पालटला आणि तिचा अर्थही पालटला.

१९७५ सालीं संग्रहालयास डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव देण्यांत आलें. वैद्यक करीत असतां प्राचीन शिलालेख वाचण्यांत आयुष्य वेंचणाऱ्या या पुरुषाचा तो उचित गौरव होता. पण नांव पालटल्यानें छप्पर दुरुस्त होत नाहीं. इमारतीला अवकळा आली होती. २००३ सालीं महानगरपालिकेनें इतर संस्थांच्या साह्यानें जीर्णोद्धार आरंभिला. २००५ सालीं युनेस्कोनें त्याचा सन्मान केला आणि २००८ सालीं इमारत पुन्हा लोकांस खुली झाली.

बाहेर पडतांना हत्ती पुन्हा दिसतो. यारी मोडली नसती, तर तो समुद्रापार गेला असता. तो मुंबईंत राहिला हा दैवयोग. पण राहिल्यानंतर त्याचे तुकडे कोणीतरी जपले आणि पन्नास वर्षांनीं कोणीतरी ते जुळविले. दगडासही माणसाच्या आस्थेचा आधार लागतो. मग हस्तिदंत, लांकूड आणि माती यांची गोष्ट कशाला?