पदवीआधीचे प्रोग्रामर

प्रोग्रामिंगच्या धंद्यात पहिली माणसे आली ती अनुभवाशिवायच. १९४५ साली फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक हे संगणकयंत्र आकाराला येत होते. त्यावर गणिते बसवण्यासाठी सहा तरुणींची निवड झाली. तोवर त्या तोफगोळ्यांच्या मार्गांची आकडेमोड करत असत आणि त्यांच्या पदाचे नावच ‘कॉम्प्युटर’ असे होते. यंत्राची माहितीपुस्तिका नव्हती, शिकवणारे कोणी नव्हते. गुप्ततेमुळे सुरुवातीला यंत्राच्या खोलीतही प्रवेश नव्हता. विद्युतमंडलांचे आराखडे समोर पसरून आणि ते करणाऱ्या अभियंत्यांना प्रश्न विचारून त्यांनी यंत्र समजून घेतले. फेब्रुवारी १९४६मध्ये जाहीर प्रात्यक्षिक झाले, त्यातले तोफगोळ्याचे गणित त्यांनीच बसवलेले होते. रात्रीच्या मेजवानीचे आमंत्रण मात्र त्यांना नव्हते.

पुढे संगणक विकले जाऊ लागले आणि माणसांची टंचाई भासू लागली. अनुभवी उमेदवार मागावा तर तो असणार कुठे? संगणकशास्त्राचा अमेरिकेतील पहिला विद्यापीठ विभाग पर्ड्यू येथे उघडला तो १९६२ साली. मग कंपन्यांनी अनुभवाऐवजी कल तपासायला घेतला. आयबीएमने १९५५मध्ये प्रोग्रामरसाठी कलचाचणी तयार केली. अक्षरमालेत पुढचे अक्षर ओळखा, आकृत्यांचा क्रम लावा, शाब्दिक उदाहरणे सोडवा, असे तिचे स्वरूप होते. ही चाचणी दीर्घकाळ आणि पुष्कळ ठिकाणी वापरली गेली. तिच्यातले गुण आणि प्रत्यक्ष कामातले कौशल्य यांचा फारसा मेळ बसत नाही, हे अभ्यासांतून दिसत होते. तरी शेकडो अर्जांची चाळण तासाभरात करून देणारे साधन सोडवणार कोणाला!

चाचण्यांबरोबर ‘प्रोग्रामरचा स्वभाव’ शोधण्याची टूमही निघाली. कॅनन आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांनी १९६६मध्ये १,३७८ प्रोग्रामरांच्या आवडीनिवडी तपासल्या. या लोकांना कोडी आवडतात आणि माणसांत फारसा रस नसतो, असा निष्कर्ष निघाला. पाहणीत बहुसंख्य पुरुष होते. अशा कसोट्या भरतीत उतरल्या, तशी एकलकोंड्या तरुणाला झुकते माप मिळत गेले. पाहणीने वर्णन केले होते, भरतीने त्याचा नियम करून टाकला.

भारतात आरंभीचे काम मोजक्या संस्थांत चाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६०मध्ये चालू झाला. १९६८मध्ये त्याच शहरात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस स्थापन झाली. अभियांत्रिकीला प्रवेश न मिळालेल्यांसाठी वाट उघडली ती मात्र खासगी क्लासांनी. १९८१मध्ये एनआयआयटी आणि १९८६मध्ये ॲपटेक सुरू झाली. पुण्यात १९८८मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही पुढे पदविका अभ्यासक्रम काढले. संगणक अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या सरकारच्या ‘डोएक’ योजनेने १९९०पासून ‘ओ’, ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशा चार पायऱ्यांची प्रमाणपत्रे आणली. शतकाच्या अखेरीस वायटूकेच्या, म्हणजे जुन्या प्रोग्रामांना २००० सालच्या तारखा नीट न कळण्याच्या दोषाच्या, दुरुस्तीसाठी कोबोल ही जुनी संगणकभाषा जाणणाऱ्यांना मागणी आली आणि क्लासचे प्रमाणपत्रही चालून गेले. ही लाट ओसरल्यावर, महाविद्यालयांतून थेट भरतीची पद्धत रुळली तेव्हा, परीक्षेतल्या गुणांच्या टक्केवारीची अट पुन्हा दाराशी उभी राहिली.

स्वतः शिकलेल्याला दुसरे दार मिळाले ते मुक्त, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो अशा, सॉफ्टवेअरमुळे. १९९१मध्ये हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने लिनक्स या संगणक-कार्यप्रणालीचा गाभा सर्वांपुढे ठेवला. दुरुस्ती पाठवणाऱ्याची पदवी तिथे कोणी विचारत नसे. कोड चालतो का, एवढेच पाहिले जाई. २००८मध्ये गिटहब हे कोड ठेवण्याचे संकेतस्थळ आले आणि असे काम उमेदवाराच्या नावासह कोणालाही पाहता येऊ लागले. बायोडेटातला ‘अनुभव’ हा रकाना कोरा असलेल्याला दाखवण्याजोगे काही मिळाले. त्यातही दुसऱ्याच्या प्रकल्पात केलेली लहानशी दुरुस्ती स्वतःच्या दहा अर्धवट प्रकल्पांहून बोलकी ठरते, कारण ती कोणीतरी तपासून स्वीकारलेली असते.

कलचाचणीसारखी कोडी मुलाखतींतून मात्र गेली नाहीत. २००७च्या सुमारास ‘फिझबझ’ गाजले: १ ते १०० आकडे छापायचे, ३च्या पटीला ‘फिझ’, ५च्या पटीला ‘बझ’ आणि दोन्हींच्या पटीला ‘फिझबझ’. निदान इथे कोड तरी लिहावा लागे. पुढे अशी कोड लिहिण्याची परीक्षा संगणकावरच, वेळ लावून होऊ लागली आणि बायोडेटा उघडण्याआधीच उमेदवार गळू लागले.