रक्तकणांतील मीठ आणि घराण्याचा वारसा

नांदेड जिल्ह्यांतील मुदखेड असो कीं मुंबईचें गिरगांव असो, आजा अर्धांगवायूनें गेला, बापानें त्याच दुखण्यानें अंथरूण धरलें, आणि नातवाचा रक्तदाब तिशींतच वाढलेला निघाला, अशीं घरें सर्वत्र आढळतात. लोक याला घराण्याचा दोष म्हणतात. ही समजूत कितपत खरी आहे, यावर वैद्यकाच्या इतिहासांत मोठा वाद झाला. आणि त्या वादाचा निकाल लावण्याचें काम कांहीं काळ एका तांबड्या रक्तकणावर येऊन पडलें होतें.

नवलाची गोष्ट ही, कीं कारण सांपडण्यापूर्वींच औषध सांपडलें. सर्पगंधेचें मूळ या देशांत वेड व निद्रानाश यांवर पूर्वापार वापरांत होतें. तिच्या रक्तदाबावरील गुणाची नोंद सेन व बोस यांनीं १९३१ सालींच केली होती. पण पाश्चात्यांचे डोळे उघडले ते मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ सालच्या निबंधानें. औषधानें दाब उतरूं लागला. तो मुळांत चढतो कां, हें कोडें मात्र तसेंच राहिलें.

इंग्लंडांत त्याच सुमारास रॉबर्ट प्लॅट आणि जॉर्ज पिकरिंग या दोन वैद्यांची जुंपली. प्लॅट यांनीं १९४७ सालीं प्रतिपादन केलें, कीं हा विकार आनुवंशिक असून एकाच बीजदोषानें पिढ्यानुपिढ्या उतरतो. पिकरिंग म्हणाले, रक्तदाब हा माणसाच्या उंचीसारखा आहे. निरोगी कोठें संपला आणि रोगी कोठें सुरू झाला, ही रेघ माणसानेंच ओढलेली आहे. प्लॅट यांचें म्हणणें खरें असेल, तर तो एक दोष शरीरांत कोठें तरी हातीं लागावयास हवा होता.

परंतु तो शोधावयाचा कोठें? जिवंत माणसाच्या धमनीचा स्नायु कापून घेतां येत नाहीं. चमचाभर रक्त मात्र कोणीहि देतो. तांबड्या रक्तकणाला केंद्रक नाहीं, आयुष्यहि सुमारें १२० दिवसांचेंच. पण त्याच्या पडद्यांत इतर पेशींप्रमाणेंच दारें आहेत. मिठांतील सोडियम कणाच्या बाहेर फार व आंत थोडें. पोटॅशियमचें याच्या उलट. ही व्यवस्था आपोआप टिकत नाहीं. पाझरत्या विहिरीवर मोट चालू ठेवावी, तसा एक पंप अखंड चालतो, आणि दर फेरीस सोडियमचे ३ परमाणु बाहेर काढून पोटॅशियमचे २ आंत घेतो. हा पंप चालविणारें द्रव्य डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनीं १९५७ सालीं खेकड्याच्या मज्जातंतूंत ओळखलें. त्याबद्दलचें नोबेल पारितोषिक मिळावयास १९९७ साल उजाडलें! पंपांत उणेपणा आला, तर धमनीच्या स्नायूंत सोडियम सांचेल, त्यामागून कॅल्शियम सांचेल आणि स्नायु आवळून राहील, असा तर्क ब्लॉस्टाइन यांनीं १९७७ सालीं मांडला.

मग प्रयोगांची रीघ लागली. पॅरिसमध्यें गारे व मेयर यांनीं १९७९ सालीं रुग्णांच्या रक्तकणांतील या वाहतुकींत विकृति दाखविली. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत मिट्झी कानेसा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुसरें दार तपासलें. तेथें सोडियमच्या बदल्यांत सोडियमच जातें. एकाच छापाच्या रुपयांची अदलाबदल, हिशेब कसा लागावा? म्हणून त्यांनीं कणांत लिथियम भरलें. बाहेर सोडियम असतां आणि नसतां किती लिथियम निघतें, त्यांतील अंतर म्हणजे त्या दाराचा वेग. रुग्णांत तो वेग पुष्कळ अधिक भरला, आणि त्यांच्या रक्ताच्या नातलगांतहि अधिक भरला. पोराच्या चमचाभर रक्तावरून त्याचें पुढील दुखणें वाचतां येईल, अशी आशा उत्पन्न झाली.

ती फळली नाहीं. तोच वेग स्थूल माणसांत, गर्भवतींत आणि रक्तांत चरबी वाढलेल्यांतहि अधिक आढळला. उलट कित्येक रुग्णांत तो साधारणच निघाला. परीक्षा प्रयोगशाळेंतच राहिली. पुढें बीजद्रव्याच्या शोधांत दाबाशीं संबंध असलेलीं शेंकडों स्थानें सांपडलीं. प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. पारडें पिकरिंग यांच्याकडे झुकलें.

तरीहि प्लॅट यांचा पुरता पराभव झाला असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९६३ सालीं लिडल यांनीं वर्णन केलेल्या विकारांत, विरळ का होईना, एकच बीजदोष सबंध घराण्याचा दाब वाढवितो. १९९४ सालीं तो दोष उलगडला. सोडियमचें दार सदैव उघडें राहतें खरें, पण तें रक्तकणांत नव्हे, मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत; आणि अमिलोराइड हें औषध नेमकें तेंच दार बंद करतें.