यॉट घ्यायला खर्च किती येतो? किंमत, सांभाळायचा खर्च आणि भाड्याने फिरण्याची पूर्ण माहिती

इन्स्टाग्राम स्क्रोल करताना एक तरी यॉटची रील समोर येतेच. पांढरीशुभ्र बोट, मागे गेटवे ऑफ इंडिया, आणि पुढच्या टोकावर उभं राहून केक कापणारा बर्थडे बॉय. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. मोठं पाणी म्हणाल तर राहुरीजवळचं मुळा धरण, अकोल्यातलं भंडारदरा आणि शेवगाव-नेवाशाकडे पसरलेलं जायकवाडीचं बॅकवॉटर. तरी "भाऊ, यॉट केवढ्याला येते?" हा प्रश्न इथल्या पोरांनाही पडतो, आणि त्यात चुकीचं काहीच नाही. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: बोटीची किंमत एकदाच द्यावी लागते, पण ती उभी ठेवायचे पैसे दर महिन्याला द्यावे लागतात. रीलमध्ये हा दुसरा भाग कधी दिसत नाही, म्हणून या लेखात त्यावरच जास्त बोलू.

यॉट म्हणजे नेमकं काय?

हा शब्द मूळचा डच भाषेतला, आणि त्याचा अर्थ शिकार. समुद्री चाच्यांचा पाठलाग करायला डच लोक ज्या हलक्या, वेगवान बोटी वापरायचे त्यांना हे नाव पडलं. आज मात्र हौसेसाठी किंवा शर्यतीसाठी वापरल्या जाणाऱ्या, बहुतेक वेळा आत झोपायची-जेवायची सोय असलेल्या बोटीला यॉट म्हणतात. मुख्य प्रकार दोन. एक शिडाची, म्हणजे सेलिंग यॉट. दुसरी इंजिनावर चालणारी, म्हणजे मोटर यॉट. शिडाच्या यॉटच्या पोटाखाली शिशाचं किंवा लोखंडाचं जड वजन असतं, त्याला कील म्हणतात. वाऱ्याने बोट कितीही कलली तरी हे वजन तिला परत सरळ करतं.

साधारण २४ मीटरच्या पुढे गेली की तिला सुपरयॉट म्हणायची पद्धत आहे. ॲमेझॉनवाल्या जेफ बेझोसची 'कोरू' १२७ मीटर लांब आहे. ते जग वेगळं, त्यामुळे इथे आपण चाळीस फुटी बोटीचाच विचार करू.

किंमत आणि टॅक्स

जुनी, तीसेक फुटांची शिडाची यॉट काही लाखांत मिळू शकते. नवी चाळीस फुटी यॉट म्हटलं की आकडा कोटींत जातो. हिशोब सोपा व्हावा म्हणून आपण ३ कोटी रुपये धरू. यावर जीएसटी लागतो. आधी तो २८ टक्के आणि वर ३ टक्के सेस असा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या बोटींवर थेट ४० टक्के झाला. म्हणजे ३ कोटींच्या बोटीवर १ कोटी २० लाख फक्त जीएसटी. बोट बाहेरून मागवली तर आयात शुल्क आणि जहाजावरून आणायचं भाडं वेगळं.

खरा खर्च इथून पुढे

बोटीच्या धंद्यात एक ठोकताळा सगळीकडे वापरतात: दर वर्षी किमतीच्या साधारण १० टक्के रक्कम सांभाळायला लागते. ३ कोटींच्या बोटीला वर्षाचे ३० लाख, म्हणजे महिन्याचे अडीच लाख. एवढे पैसे जातात कुठे?

पहिली गोष्ट म्हणजे जागा. कार आपण दारात लावतो, बोट तशी लावता येत नाही. परदेशात त्यासाठी मरीना असतात, म्हणजे बोटींचं पार्किंग, जिथे लाईट-पाणी सगळं धक्क्यावरच मिळतं. केरळमध्ये कोचीला तशी मरीना आहे. मुंबईत गेटवेसमोर मात्र बऱ्याच यॉट पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला बांधून ठेवलेल्या दिसतात. तिथवर जायलाही आधी दुसरी छोटी होडी लागते!

दुसरी गोष्ट खारं पाणी. बोटीच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यासारखे कठीण कवचाचे जीव चिकटतात. तळ खरखरीत झाला की वेग कमी होतो आणि डिझेल जास्त जळतं. म्हणून बोट वेळोवेळी क्रेनने बाहेर काढून, घासून, तळाला खास रंग द्यावा लागतो. पंख्याजवळ जस्ताचे तुकडे लावलेले असतात, ते तर मुद्दाम झिजण्यासाठीच! खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जवळ आले की त्यातला एक कुरतडला जातो. जस्त आधी कुरतडलं जातं आणि महागडा पंखा वाचतो. ते संपलं की नवीन बसवायचं.

तिसरं म्हणजे माणसं. बोट चालवणारा तांडेल किंवा कॅप्टन आणि एखादा खलाशी यांना पगार बारा महिने द्यावा लागतो. पण बोट बारा महिने चालत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि गेटवे ते मांडवा फेरीसुद्धा बंद ठेवतात. मालक उरलेल्या आठ महिन्यांत तीस दिवस फिरला असं समजा. वर्षाचे ३० लाख भागिले ३० दिवस, म्हणजे एका दिवसाला १ लाख रुपये.

आता डिझेल. चाळीस फुटी मोटर यॉट वेगात असताना तासाला १०० लिटरच्या आसपास सहज पिते. ९० रुपये लिटर धरलं तर तासाला ९ हजार. शिडाच्या बोटीला वारा फुकट मिळतो, पण शिडं आणि दोरखंड उन्हाने खराब होतात आणि ते काही स्वस्त येत नाहीत.

यॉट चालू ठेवायचे पैसे थांबले की काय होतं याचं मोठं उदाहरण विजय मल्ल्याच्या 'इंडियन एम्प्रेस'चं आहे. ही ९५ मीटरची सुपरयॉट मार्च २०१८ मध्ये माल्टा देशात अडकवून ठेवली गेली. कारण काय, तर त्यावरच्या कर्मचाऱ्यांचे दहा लाख डॉलरपेक्षा जास्त पगार थकले होते. बोटीवर काम करणाऱ्याचा पगार थकला तर समुद्री कायद्यानुसार तो थेट बोटीवरच दावा लावू शकतो. शेवटी ती त्याच वर्षी लिलावात साडेतीन कोटी युरोंना गेली.

मुळा धरणात ठेवली तर?

हा प्रश्न चेष्टेत विचारला जातो, पण उत्तर मजेशीर आहे. चाळीस फुटी यॉट साधारण ४ मीटर रुंद असते आणि आपला ट्रक अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे मुंबईहून घाट चढून ती आणणं हेच मोठं काम. आणली तरी पाण्यात उतरवायला क्रेन हवी, धरणातलं पाणी वापरायला परवानगी हवी. त्यात मुळाचं २६ टीएमसी पाणी शेतीसाठी आणि पिण्यासाठी आहे. उन्हाळ्यात पातळी उतरली की कील चिखलात रुतून बसायची. आपल्या धरणांना छोटी होडीच बरी. भंडारदऱ्याला आर्थर लेकमध्ये बोटिंग करता येतं, तिथली मजा काही कमी नाही.

मग लोक घेतात तरी कशाला?

एकांत, वारा, कुणाचा फोन नाही, आणि हो, दिखावाही. पण आणखी एक कारण आहे. शिडाच्या बोटीवर माणूस फक्त वाऱ्याच्या जोरावर पृथ्वीला फेरी मारू शकतो. कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून मे २०१० मध्ये परत येत हेच केलं. एकट्याने, चार थांबे घेत, आणि असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ५६ फुटी 'म्हादेई' गोव्यातच बांधली होती, नाव तिथल्या नदीचं, आणि बोट नौदलाची. नंतर अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीवर २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'वर २५४ दिवसांत जग फिरून आल्या. यातली एकही बोट त्यांच्या स्वतःच्या मालकीची नव्हती. पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीएचे कॅडेटसुद्धा धरणाच्या पाण्यातच शिडाची बोट चालवायला शिकतात. म्हणजे एनडीएची तयारी करणाऱ्या नगरच्या पोरापोरींना समुद्राआधी धरणातच शीड हातात मिळू शकतं.

भाड्याने घेताना काय बघायचं?

मुंबईत दोनेक तासांसाठी यॉट भाड्याने मिळते. बोट किती मोठी, वेळ कोणती, यावर रेट काही हजारांपासून पुढे जातो. आठ-दहा मित्रांनी वाटून घेतलं तर परवडतं. पण पैसे पाठवायच्या आधी बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, किती माणसांची परवानगी आहे, इंधन आणि जीएसटी रेटमध्ये धरलाय का, हवामान बिघडलं तर पैसे परत मिळणार का, हे सगळं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. लाईफ जॅकेट प्रत्येकाला हवंच, आणि ते सीटखाली ठेवलेलं चालणार नाही, अंगावर पाहिजे. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि डझनाहून जास्त लोकांचा जीव गेला. फोटोसाठी जॅकेट काढायचा मोह होतो, पण काढू नका.

"फक्त काही लाखांत यॉटचा हिस्सा घ्या आणि घरबसल्या भाडं कमवा" अशा जाहिराती दिसल्या तर वरचा १० टक्क्यांचा ठोकताळा लावून बघा. तुमच्या हिश्श्याला वर्षाचा देखभाल खर्च किती येतो, पावसाळ्यात भाडं कोण देणार, आणि हिस्सा विकायचा झाला तर घेणार कोण? या तीन प्रश्नांवर समोरचा अडखळला तर पैसे खिशातच राहू द्या.

मोबाईलवर यॉट कशी शोधायची?

मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडर ॲप उघडा आणि मुंबई बंदरावर झूम करा. मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र असतं. ते जहाजाचं नाव, जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून सतत पाठवत असतं आणि किनाऱ्यावरचे रिसीव्हर ते पकडतात. मरीनट्रॅफिकमध्ये हौसेच्या बोटी गुलाबी-जांभळ्या रंगात दिसतात; टॅप केलं की लांबी आणि वेग कळतो. फ्री व्हर्जनमध्ये एवढं मिळतं. लहान यॉटला एआयएस सक्तीचं नसल्यामुळे गेटवेसमोर उभ्या असलेल्या सगळ्याच बोटी नकाशावर सापडणार नाहीत.