वाडे, बागा आणि त्यांचे पाणी

मंडळी, आपल्या जळकोट-उदगीर भागातून शाळेची सहल निघाली, की तिचा रस्ता बहुधा ठरलेला असतो. वेरूळची लेणी, देवगिरीचा किल्ला, आणि मग औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर. तिथे बीबीचा मकबरा. पोरं घुमटापुढे ओळीनं उभी राहतात, फोटो निघतो, चुरमुरे-शेंगदाणे खाऊन होतात, आणि गाडी सुटते. घुमट पाहिला, पण ज्या बागेतून चालत तिथवर गेलो ती बाग पाहायची राहूनच जाते.

आज आपण अशा काही बागांकडे आणि जुन्या घरांकडे जाऊ या. मात्र माझी एक अट आहे. बागेत पाऊल टाकल्याबरोबर फुलांकडे पाहायचे नाही. आधी विचारायचे, इथे पाणी कुठून आणले?

ही अट उगीच घातलेली नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराची तहान भागवायला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. सुमारे साडेतीनशे किलोमीटर पाणी रुळांवरून आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, त्यांत पाच लाख लिटर पाणी. ज्याने ते दिवस पाहिले, घागरींच्या रांगेत ज्याने रात्र काढली, त्याने राजाराण्यांच्या कारंज्यांपुढे उभे राहून पाण्याचा हिशेब मागितला, तर त्यात नवल ते काय?

मकबऱ्याची बाग ज्या घडणीची आहे तिला चारबाग म्हणतात. भिंतीने वेढलेली चौकोनी जागा, आणि पाण्याच्या पाटांनी पाडलेले तिचे चार भाग. ही कल्पना इराणातली. बाहेर रखरखीत माळ, आत सावली आणि झुळझुळ पाणी. काशान गावची फिन बाग अशीच आहे. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी तिच्या पाटांतून अजून खेळते. इराणातल्या अशा नऊ बागांना २०११ साली जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. १५२६ साली पानिपत जिंकून बाबर आग्र्यास आला, तेव्हा या देशाविषयी त्याची एक मोठी तक्रार होती, की इथल्या बागांत वाहते पाणी नाही. मग त्याने यमुनेच्या काठी रहाट बसवून बाग केली. पुढे त्याच्या पणतूच्या मुलाने, शहाजहानने, ताजमहाल बांधला. त्या ताजमहालाच्या बागेला पाणी कसे मिळे, ठाऊक आहे? बैलांच्या मोटेने! यमुनेचे पाणी मोटांनी वर ओढायचे, उंचावरच्या टाक्यांत साठवायचे, आणि तिथून ते बंद नळांनी कारंज्यांत सोडायचे. आपले आजे-पणजे पहाटे जी मोट हाकत, तिचीच ही भावंडे. ताजमहालाची चित्रे घरोघरी लागली, पण त्या बैलांचे चित्र मी अजून पाहिलेले नाही.

बीबीचा मकबरा दिलरस बानू बेगमचा. ती औरंगजेबाची पत्नी, १६५७ मध्ये वारली. मकबरा १६६० च्या सुमारास पुरा झाला. दाराच्या लेखात अताउल्ला हा स्थपती आणि हंसपतराय अशी दोन नावे आहेत. खर्च झाला ६,६८,२०३ रुपये ७ आणे. सात आण्यांपर्यंत हिशेब ठेवणारा कारकून मला त्या इमारतीइतकाच आवडतो. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याला सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवर लादलेल्या तीनशे गाड्या दिसल्या. त्यांतल्या लहानात लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. तो दगड या मकबऱ्याचाच होता असे मानतात. लोक मकबऱ्याला ‘गरिबाचा ताज’ म्हणतात, ते मला पटत नाही. ताजमहालाला यमुनेसारखी बारमाही नदी शेजारी होती. इथे खाम नदी. तिचे उन्हाळ्यातले रूप ज्याने पाहिले आहे त्याला जास्त सांगायला नको. अशा जागी चारबाग फुलवणे हे जास्त अवघड काम होते.

ते जमले, कारण गावाला पाण्याची खोड आधीच एका माणसाने लावून ठेवली होती. त्याचे नाव मलिक अंबर. हा हबशी, म्हणजे आफ्रिकेतल्या अबिसिनियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला, आणि निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी गाव वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले. गाव वसवल्यावर त्याने १६१७ च्या सुमारास नहर काढली. नहर म्हणजे उघडा पाट समजू नका. डोंगराच्या पायथ्याशी जे पाणी जमिनीत मुरते, ते जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचे आणि बेताच्या उताराने गावात आणायचे. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खाते, कमी झाला तर तुंबते. हे शेतकऱ्याला मी काय सांगावे! मधूनमधून विहिरीसारखी तोंडे ठेवली होती, हवा जायला आणि गाळ काढायला. ऊन लागत नाही म्हणून पाण्याची वाफ होत नाही. ना बैल, ना इंजिन. ही नहर तीनशे वर्षे गावाला पाणी देत होती. तिच्या मागून आणखी नहरी निघाल्या, आणि हौद, हमाम, बागा त्यांच्यावर जगू लागल्या. हिमायतबाग हीही त्या काळातली, सुमारे तीनशे एकरांची. आज तिथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. आंब्याची कलमे बघायची असतील तर शेतकऱ्यांनी तिकडे जरूर वाकडी वाट करावी.

सगळ्यांत छान गंमत पाणचक्कीत आहे. मकबऱ्याहून ती चालत जाण्याइतकी जवळ. इथे बुखाऱ्याकडून आलेले बाबा शाह मुसाफिर नावाचे फकीर राहत होते. त्यांच्या दर्ग्याजवळ १७४४ च्या सुमारास ही चक्की बसवली. पाणी आणले ते उत्तरेकडच्या डोंगरातून, कित्येक किलोमीटरांवरून, मातीच्या पक्क्या नळांनी. आणि शेवटी ते एका उंच भिंतीवर चढते! पाणी वर कसे चढले? गवंडी दोन खांबांची पातळी काढताना लांब नळीत पाणी भरतो, तेव्हा दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येऊन थांबते, नाही का? तेच इथे. उगम उंच डोंगरावर, नळ बंद, म्हणून मधे कितीही खाली उतरले तरी पाणी दुसऱ्या टोकाला पुन्हा उंच उठते. गुरुजींनी वर्गात दोन हात प्लॅस्टिकची नळी आणि रंगीत पाणी घेऊन हे दाखवावे, म्हणजे पोरांना चक्की जागेवर पाहताना गोष्ट पटकन कळेल. भिंतीवरून पडणारे पाणी खालच्या चाकाच्या पात्यांवर आदळे, वरचा दगड फिरे, आणि दर्ग्यातल्या फकिरांना, वाटसरूंना लागणारे पीठ दळले जाई. पुढच्या लांबट हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. उन्हाळ्यात त्या दालनात बसून पाहा, गारवा काय असतो ते कळेल.

जगात अशा जागा पुष्कळ. स्पेनमधल्या ग्रनाडाला अलहंब्रा नावाचा राजवाडा आहे. दारो नदीचे पाणी वरच्या अंगाला अडवून, डोंगराच्या कडेकडेने पाट काढून तिथे आणले. त्याच्या एका चौकात बारा दगडी सिंहांनी तोललेले कारंजे चौदाव्या शतकापासून उभे आहे. उलट फ्रान्सचा चौदावा लुई. व्हर्सायला त्याने बाग केली तेव्हा हौसेला मोल नव्हते, पण जागा उंच आणि पाणी दूर. सेन नदीवर १६८४ साली चौदा अजस्र चाकांचे यंत्र बसवले, तरी सगळी कारंजी एकदम उडतील इतके पाणी होईना. मग काय, राजेसाहेब फिरायला निघाले की माळी शिट्ट्या वाजवून एकमेकांना खुणावत. महाराज येती तिकडची कारंजी चालू, महाराज वळले की मागची बंद!

पुण्याच्या शनिवारवाड्याचा इतिहास ठाऊक असतो तो लढायांचा आणि कटांचा. वाडा १७३२ साली पुरा झाला, १८२८ च्या आगीत जळाला. त्यातल्या हजारी कारंजाला पाणी कात्रजहून येई. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास ते काम घेतले. आत माणूस उतरून गाळ काढू शकेल एवढा मोठा भूमिगत मार्ग, आणि त्यावर ठिकठिकाणी हवेसाठी उच्छ्वास. माझ्या मते यातली खरी मोठी गोष्ट हजारी कारंजे नव्हे. त्याच नळावर शहरात हौद बांधले होते, आणि पेठेतली बाई तिथे घागर भरत होती. पेशव्यांचे कारंजे आणि तिची घागर यांचे पाणी एकच. व्हर्सायमध्ये ही सोय नव्हती.

आता आपल्या घराकडे वळू. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठले राजवाडे! पण मराठवाड्यात गावोगाव गढ्या होत्या, देशमुखांच्या, पाटलांच्या. पांढऱ्या मातीच्या हात-दोन हात रुंद भिंती, बुरूज, देवडी, ढाळज, मधे चौक. वर मातीचे माळवद, त्यामुळे आत ऊन शिरत नसे. भिंतीत बळद, अंगणात धान्याचे पेव. चौकात आड किंवा हौद, शेजारी तुळस. न्हाणीचे पाणी परसात जाई. तिथे केळ, अळू, कर्दळ, शेवगा. त्या बागेला कोणी वेगळे पाणी घालत नसे. एकाच पाण्यात माणूस न्हाई आणि केळही वाढे. चारबागेचा जो हिशेब बादशहांना लाखो रुपये खर्चून जमला, तो आपल्या आज्यांनी चार हात परसात सहज बसवला होता.

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि पुढल्या वर्षी जहागिऱ्या गेल्या. त्या जाणे योग्यच होते. पण त्यांच्याबरोबर गढ्यांचे धनीही शहराला गेले. माळवदांना दरसाल माती चढवायला कोणी उरले नाही. आज कित्येक गढ्यांची पांढरी माती ट्रॉल्या भरून शेतात पडते आहे. शेताला ती चांगली, मान्य. पण भिंत पाडण्याआधी आड कुठे होता, पन्हाळीचे पाणी कुठे उतरत होते, एवढे तरी कागदावर उतरवून घ्यायला काय हरकत आहे? शाळेतली सातवी-आठवीची पोरे एका रविवारात हे काम करतील. गावातले ऐंशीच्या पुढचे एखादे आजोबा सोबत घ्या, म्हणजे झाले. नहरींचे हेच झाले. त्यांच्यावर घरे आली, रस्ते आले, तोंडे बुजली, आणि नकाशा पुढच्या पिढीला दिला गेला नाही. आता पाणी कुठे अडले ते शोधत बसावे लागते.

उलटही घडते. परभणी जिल्ह्यातल्या वालूर गावी एक जुनी चक्राकार बारव आहे. पायऱ्या गोल फिरत खाली जातात. ती गाळाने भरली होती. गावकऱ्यांनी गाळ उपसून ती मोकळी केली. तुमच्या गावच्या बारवेत आज काय आहे, गाळ, कचरा की पाणी, हे तुम्हीच जाऊन पाहा.

आणि लांब जायचे नसेल तर उदगीरचा किल्ला आहेच. जळकोटहून सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणाला घरी. सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले ती १७६० ची लढाई पोरांना पुस्तकातून पाठ असते. तिथे गेल्यावर ती दोन मिनिटांत सांगून टाका. मग खंदकाच्या काठी उभे राहा, आतल्या महालांच्या भिंती पाहा, आणि पोरांना विचारा: एवढ्या माणसांना, घोड्यांना, हत्तींना इथे पाणी कुठून मिळत होते? उत्तर तुम्ही सांगू नका. त्यांना तासभर किल्ल्यात हिंडू द्या.