भिलाईत घर घेताना वा विकताना वकील कसा निवडावा?

भिलाई (छत्तीसगड) : घराचे खरेदीखत नोंदविले गेले म्हणजे मालकी निर्वेध झाली, हा समज चुकीचा आहे. नोंदणी कायदा, १९०८ अन्वये दस्ताची नोंद होते. विकणाऱ्याला ते घर विकण्याचा अधिकार होता की नाही, याची हमी त्या नोंदणीतून मिळत नाही. ती तपासणी खरेदीदारालाच करून घ्यावी लागते. त्यासाठी स्वतःचा आणि स्थानिक वकील नेमणे हिताचे ठरते.

परीक्षा देऊन मिळणारी ‘सॉलिसिटर’ ही ओळख आज प्रामुख्याने मुंबईपुरती आहे. अन्यत्र हे काम अधिवक्ता कायदा, १९६१ नुसार सनद घेतलेले वकील करतात. दस्तलेखक मसुदा लिहून देतो. मात्र मालकीबाबत कायदेशीर सल्ला देणे हे त्याचे काम नव्हे.

स्थानिक वकीलच का?

भिलाईत जमीन मुळात कोणाची, हा कळीचा प्रश्न आहे. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीतील घरे ‘सेल’ची आहेत. त्यांपैकी काही कर्मचारी व माजी कर्मचाऱ्यांना भाडेपट्ट्याने देण्यात आली. भाडेपट्टा म्हणजे मालकी नव्हे. त्यामुळे हस्तांतरणास मुभा आहे का, परवानगी कोणाची लागते व मुदत किती उरली, हे मूळ करारावरूनच पाहावे लागते. शहराच्या इतर भागांत पूर्वीच्या ‘साडा’ने, म्हणजे विशेष क्षेत्र विकास प्राधिकरणाने, वाटप केलेले भूखंड तसेच खासगी वसाहतीही आहेत. प्रत्येकाची कागदपत्रे वेगळी असतात.

महाराष्ट्रातील सातबाऱ्याऐवजी येथे बी-१ व खसरा पाहिला जातो. या नोंदी राज्याच्या ‘भुइयां’ संकेतस्थळावर मिळतात. तलाठ्याच्या जागी पटवारी व दुय्यम निबंधकाच्या जागी उपपंजीयक असतो, तर बिगरशेती परवानगीला ‘डायव्हर्शन’ म्हणतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस विकण्यावर भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ चे निर्बंध आहेत. नागपूर वा पुण्यातील वकिलास हे बारकावे ठाऊक असतीलच असे नाही.

निवडताना काय पाहावे?

वकिलांना कामासाठी जाहिरात करण्यास मनाई आहे. त्यामुळे अलीकडे घर घेतलेल्यांकडे चौकशी करणे हा चांगला मार्ग आहे. राज्य अधिवक्ता परिषदेकडील नोंदणी क्रमांक विचारावा. दुर्ग येथील दिवाणी व महसूल कामाचा अनुभव आहे का, हेही जाणून घ्यावे.

विक्रेता, दलाल वा विकासक यांचा वकील खरेदीदाराने नेमू नये. गृहकर्ज देणाऱ्या बँकेचा वकील बँकेचे हित पाहतो. त्याचा अहवाल स्वतंत्र सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

शुल्क व त्यात समाविष्ट कामे आधीच लेखी ठरवावीत. साधारणतः तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल, बोजा व प्रलंबित दाव्यांची तपासणी, मसुदा, नोंदणी आणि नामांतरण ही कामे त्यात असावीत. मूळ कागदपत्रे पावतीशिवाय देऊ नयेत.

केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे ‘विक्री’ सुचविणाऱ्यापासून सावध राहावे. अशा व्यवहाराने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. नव्या प्रकल्पातील घर असल्यास छत्तीसगड ‘रेरा’कडील नोंदणी पाहावी.

विक्रेत्यांसाठी

निवृत्तीनंतर भिलाईतील घर विकून गावी परतणाऱ्यांनी कर्जफेडीचा दाखला, मालमत्ता कराच्या पावत्या व भाडेपट्ट्याच्या घरासाठी आवश्यक संमती आधीच मिळवावी. व्यवहार ५० लाख रुपये वा त्याहून अधिक रकमेचा असल्यास निवासी विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदार १ टक्का प्राप्तिकर कापतो. त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

वकिलाच्या व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार राज्य अधिवक्ता परिषदेकडे करता येते. महिला, अनुसूचित जाती-जमाती व अन्य पात्र व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. मात्र वकिलाचा सल्ला घेण्याची योग्य वेळ विसार देण्यापूर्वीची असते. रक्कम दिल्यानंतर दोष आढळल्यास ती परत मिळविण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते.