सॅलरी स्लिपमधले २०० रुपये

सॅलरी स्लिप उघडा. ‘प्रोफेशन टॅक्स, २०० रुपये’ दिसतंय? पहिल्या पगाराला मीही वैतागलो होतो. पण हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी.

१९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला गेली. वि. स. पागे यांची कल्पना तेव्हा राज्यभर पोचली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला आणि काम मागणं हा हक्क ठरला. २००५ मध्ये देशानेही तसा कायदा केला.

पण मेळघाटातल्या कोरकू मजुराची मजुरी अडकली, तर तो किती दिवस थांबणार? पोरंबाळं घेऊन गाव सोडणारच ना! हमी कामाची, तशीच वेळेवर पैशांचीही हवी. आपला पगार चार दिवस लांबला तर आपण काय करतो, आठवून बघा.