कालयंत्र, शेक्सपियर आणि एक नक्कल

रविवारी संध्याकाळी आमच्या लंडनच्या घरात रिमोट लेकीच्या ताब्यात असतो. तिला 'डॉक्टर हू'चं भयंकर वेड. परवा तिने २००७ सालचा एक जुना भाग लावला, 'द शेक्सपियर कोड'. मीही चहाचा कप घेऊन शेजारी बसलो.

गोष्ट अशी. डॉक्टर आणि मार्था कालयंत्रातून १५९९ च्या लंडनमध्ये उतरतात. ग्लोब थिएटरात शेक्सपियरचं नवं नाटक लागणार असतं, 'लव्ह्ज लेबर्स वन'. तीन चेटकिणी त्याच्याकडून शेवटचे संवाद मंत्रासारखे लिहून घेतात, कारण त्यांना आपल्या जातभाईंना पृथ्वीवर आणायचं असतं. शेवटी चेटकिणींबरोबर नाटकाच्या सगळ्या प्रतीही गडप! मध्येमध्ये डॉक्टर शेक्सपियरला त्याचीच पुढची वाक्यं ऐकवतो आणि हा पठ्ठ्या ती टिपून ठेवायला बघतो. मग ती लिहिली कोणी? माझ्यातला इंजिनिअर तिथेच अडकला.

लेकीने विचारलं, "बाबा, हे हरवलेलं नाटक खरंच होतं का?"

होतं, बहुधा. फ्रान्सिस मिअर्स नावाच्या लेखकाने १५९८ साली शेक्सपियरच्या नाटकांची नावं दिली, त्यात हे आहे. १९५३ साली एका जुन्या पुस्तकाच्या बांधणीत एका पुस्तकविक्रेत्याची १६०३ सालची यादी सापडली, त्यातही हे नाव! म्हणजे नाटक छापलं जाऊन विकलंही गेलं असावं. काहींच्या मते हे दुसऱ्याच एखाद्या नाटकाचं पर्यायी नाव. काही असो, या नावाची एकही प्रत आज नाही.

विज्ञानकथावाले शेक्सपियरच्या मागे का लागतात, ते इथे कळतं. त्याचा बाप्तिस्मा, खटले, कर, मृत्युपत्र यांची कागदपत्रं आहेत, पण डायरी नाही आणि त्याने लिहिलेलं एकही पत्र नाही. या मोकळ्या जागेत कालयंत्र आरामात उतरतं. आयझॅक असिमॉव्हने तर १९५४ च्या एका छोट्या कथेत त्याला विसाव्या शतकात आणून शेक्सपियरवरच्याच वर्गात बसवलं, आणि नापास केलं!

पण मंडळी, कालयंत्राची खरी गरज होती ती १६१६ मध्ये, तो वारला तेव्हा. त्याची निम्मी नाटकं तोवर छापलेलीच नव्हती. नाटक कंपनीच्या मालकीचं. छापलं तर दुसरी कंपनी उचलणार. नटालासुद्धा पूर्ण संहिता मिळत नसे, फक्त स्वतःची वाक्यं आणि त्याआधीच्या वाक्याचं शेपूट. आपल्याकडे यालाच 'नक्कल' म्हणत.

त्याच्या कंपनीतले दोन नट, जॉन हेमिंग्ज आणि हेन्री कॉन्डेल. मृत्युपत्रात शेक्सपियरने त्यांना अंगठीसाठी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले होते. या दोघांनी पुढाकार घेऊन नाटकं गोळा केली आणि १६२३ मध्ये ३६ नाटकांचा ग्रंथ निघाला. त्यातली १८ आधी कधीच छापली गेली नव्हती. 'मॅकबेथ', 'ज्युलियस सीझर', 'टेम्पेस्ट', सगळी त्यातलीच. लंडनमध्ये गिल्डहॉलजवळच्या एका छोट्या बागेत या दोघांचं १८९६ सालचं स्मारक आहे. वर पुतळा मात्र शेक्सपियरचाच. लोक तिथे डबा खायला बसतात. मीही कित्येकदा बसलो आहे, नावं न वाचता.

हे लेकीला सांगताना मला आमच्या कपाटातली वही आठवली. माझे वडील गावातल्या हौशी मंडळात कामं करायचे. तिथल्या एका मास्तरांनी लिहिलेल्या नाटकाची ती नक्कल, वडिलांच्या अक्षरात. संहितेची मूळ वही वाळवीने खाल्ली. मास्तर गेले, वडीलही गेले. उरली ती एकाच पात्राची वाक्यं. "नाही, मी येणार नाही," असं त्यात एके ठिकाणी आहे. कुठे, कोणाबरोबर, पत्ता नाही.

लेक वही चाळून म्हणाली, "आजोबा उत्तरं देतायत, पण प्रश्न कुणाचे?"

समोरची भूमिका करणारे काका आज ब्याऐंशी वर्षांचे आहेत. दरवर्षी भारतात गेलो की "पुढच्या खेपेला निवांत बसू" असं त्यांना सांगून निघतो. परवा मात्र भारतातली सकाळ होईपर्यंत जागलो आणि फोन लावला. ते वाक्य वाचून दाखवलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग काकांनी खाकरून, अगदी रंगमंचावरच्या आवाजात, त्याच्या आधीचं वाक्य म्हटलं.

मी कागद शोधेपर्यंत लेकीने लिहून घेतलं होतं.